त्या चुलीचं पुढं काय झालं

बाई टीव्ही बघत नसत, टीव्हीची तपासणी करत. शाळा तपासायला साहेब येतात ना, तशी. खुर्ची पडद्याच्या अगदी पुढ्यात, पाठ ताठ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि हातात लाकडी पट्टी. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण पट्टी काही सुटली नव्हती. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्या आम्हा बायकांकडे एकदा मागं वळून बघायच्या. म्हणजे आता गप्प बसा, हे दोघं आज काय दिवे लावतात ते बघू.

हे दोघं म्हणजे दुपारच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक. एक कोटवाला आणि एक हसरी. त्यांची खरी नावं रोज पडद्यावर यायची, पण बाईंनी ती कधी तोंडी घेतली नाहीत. "आला बघ तुझा कोटवाला," असं त्या मला म्हणायच्या, जसं काही मीच त्याला आवतण धाडलं होतं.

हा टीव्ही आमच्या महिला दूध संस्थेच्या खोलीत होता. घेतला होता बाईंनीच, स्वतःच्या पैशानं, पण घरी ठेवला नाही. घरी त्या एकट्या. रागवायला समोर कुणी नसलं तर टीव्ही बघण्यात काय मजा? बाई संस्थेच्या अध्यक्ष आणि मी सचिव. सचिव म्हणजे सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं, त्याचं फॅट तपासायचं, कॅन धुवायचे आणि मधल्या वेळात बाईंचं ऐकून घ्यायचं. गाव लिंबागणेशच्या बाजूला, डोंगराच्या उतारावर. गावात बाया पुष्कळ, पण नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच. अर्ध्या गावाला त्यांनी चौथीपर्यंत शिकवलं होतं. बौद्धवस्तीत दोन खोल्यांचं घर, दारात दोन गाई. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर पूर्ण उत्तर ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि तेवढा दम आमच्यात कुणाला होता?

मी माहेरची बीडची. बसस्टँडमागं अब्बांचं पंक्चरचं दुकान होतं. आमच्या घरी सगळे एकदमच बोलायचे आणि प्रत्येकाला वाटायचं, लोक आपलंच ऐकतायत. अशा घरातून आलेल्या मुलीला बाईंच्या हाताखालची नोकरी म्हणजे शिक्षाच. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की ते उचलून पुरं करायची मला भारी खोड. मी तसं केलं की बाई हातातली पट्टी टेबलावर ठेवायच्या. आपटायच्या नाहीत, नुसती ठेवायच्या, आणि विचारायच्या, "तिचं संपलं का?"

'संपलं का?' हे त्यांचं पेटंट वाक्य. सभासद बाई बोलून थांबली की त्या विचारायच्या, "संपलं का तुझं?" ती 'हो' म्हणाली की मगच बाई तोंड उघडणार. त्यामुळं आमच्या सभा लांबत. दुसऱ्या संस्थांच्या सभा चहा गार व्हायच्या आत उरकतात. आमच्याकडं तीनदा चहा व्हायचा. एकदा एक नवरा बायकोच्या वतीनं बोलायला म्हणून आला.

"तिला काय कळतंय? मी सांगतो," तो म्हणाला.

"सभासद कोन हाय?" बाई म्हणाल्या.

"ती हाय. पन..."

"मग तू भाईर थांब. तुझं काय असंल ते ती सांगंल, न्हाईतर न्हाई सांगनार."

तो चौथीत बाईंच्या हाताखालून गेलेला होता. बाहेर जाऊन थांबला.

आता अशा माणसानं तो कार्यक्रम बघायचाच कशाला? हे मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "दुसरी शाळा न्हाई आता मला. ह्येच दोन पोरं ऱ्हायलेत." आणि ही दोन पोरं वर्गात सगळ्यात वाह्यात. पाहुण्या बाईला कोटवाला विचारणार, "नवरा गेला तेव्हा तुम्हाला खूप एकटं वाटलं असेल, नाही का?" झालं. ती बिचारी 'हो' म्हणणार. "प्रश्न इचारला, उत्तर बी ह्येनंच दिलं," बाई म्हणायच्या. "मग तिला येवढ्या लांबून बोलवलं कावून?" हसरीची तऱ्हा वेगळी. तिला सगळंच 'किती छान' वाटायचं. कुणी म्हणालं, आम्ही लहानपणी पाण्यासाठी डोंगर उतरून जायचो, की ही म्हणणार, "अय्या, किती छान!" आमच्या खोलीत त्या वेळी दारात रिकाम्या घागरी ओळीनं लावलेल्या असायच्या, टँकरची वाट बघत. बायका एकमेकींकडं बघून हसायच्या. बाई हसायच्या नाहीत. पट्टीनं पडद्याकडं दाखवून म्हणायच्या, "पुढं ये. बाकावर उभी ऱ्हा."

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. विहिरी तळाला गेल्या, चारा संपला, आणि गावातली निम्मी जनावरं छावणीत नाहीतर बाजारात गेली. आमच्याकडं सकाळी दहा कॅन भरायचे, ते तीनवर आले. काम कमी, म्हणून दुपारी टीव्हीपुढं गर्दी जास्त. बायकांचं लक्ष पाहुण्यांच्या पुढच्या काचेच्या गलासांवर असायचं. कोटवाला एक घोट प्यायचा आणि बाकीचं तसंच सोडायचा. "ते पानी मागनं काय करत असतील गं?" यावर आमच्यात बराच खल व्हायचा. बाईंना पाण्याचं काही नव्हतं. त्यांचा जीव अर्ध्या राहिलेल्या वाक्यात अडकायचा.

मधूनच लाईट जायची. ऐन रंगात आलेली गोष्ट काळ्या पडद्यात बुडायची. मी चरफडायचे, तर बाई शांत. "लाईट परवडली," त्या म्हणायच्या. "ती मानूस बघून जात न्हाई. समद्यांची सारखीच जाती."

मग ती पाहुणी आली. कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातली, साधी, हिरव्या लुगड्यातली. ऊसतोडीला जाणारी. पोरं शिकवली म्हणून बोलावली होती. ती बोलायला घाबरत होती, पण हळूहळू मोकळी झाली. म्हणाली, "सहा महिन्यांनी आम्ही कारखान्यावरून घरी आलो. अंधार पडला होता. घर उघडलं, तर चूल..."

"आणि ती चूल आपण बघणार आहोत एका छोट्याशा ब्रेकनंतर!" कोटवाला म्हणाला.

ब्रेकनंतर एक आचारी आला आणि त्यानं पनीरचं काहीतरी केलं. पाहुणी कोपऱ्यात बसलेली एकदा दिसली, टाळ्या वाजवताना. कार्यक्रम संपला.

बाई खुर्चीतून उठल्या नाहीत. "चुलीचं काय झालं?" त्यांनी आम्हाला विचारलं, जणू आम्हीच तिला गप्प केलं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं. इथून पुढं ब्रेक झाला की मी टीव्हीचा आवाज बंद करायचा, आणि आमच्यातल्या एकीनं पाहुणीचं पुढचं सांगायचं. तिथं साबणाची जाहिरात नाचत असायची आणि इथं आम्ही तिचं वाक्य पुरं करत असायचो. सुरुवातीला नुसता दंगा. "चुलीत साप निगाला!" "चूल कुणी चोरून नेली!" बाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि प्रत्येकीला विचारायच्या, "संपलं का तुझं?"

कौसाआक्का तेव्हा कोपऱ्यात बसायची. वस्तीवरून येणारी, एका म्हशीची सभासद. वर्षानुवर्षं संस्थेत येत होती, पण दुधाची किटली पुढं करण्यापलीकडं तिनं कधी काही सांगितलं नव्हतं. तिची पाळी आली तेव्हा मी मनात म्हटलं, हिला सोडून पुढं जावं. बाई काही सोडेनात. पट्टी मांडीवर ठेवून बसून राहिल्या. जाहिराती संपल्या, कार्यक्रम पुन्हा सुरू झाला, पडद्यावर दोघांची तोंडं मुकाट हलत होती. तेव्हा कुठं कौसाआक्का बोलली.

"चूल पेटलेली असंल," ती म्हणाली. "ती यायची म्हनून शेजारनीनं पेटवून ठिवली असंल. पानी तापत घातलं असंल. मी कारखान्यावरनं आलते तवा माज्या शेजारनीनं अशीच पेटवलती. मी उंबऱ्यातच बसून रडलते. घरात कुनी नसताना धूर निगत हुता, म्हनून."

मी बोलणार होते, पण बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "संपलं का, कौसे?"

"संपलं," ती म्हणाली. त्या दिवसापासून कौसाआक्का पुढं बसायला लागली. आणि खरं सांगते, त्या उन्हाळ्यात मी ब्रेकमध्ये जेवढ्या गोष्टी ऐकल्या, तेवढ्या त्या कार्यक्रमात कधी ऐकल्या नाहीत.

पण बाईंचं समाधान झालं नव्हतं. कौसीच्या चुलीचं कळलं, त्या पाहुणीच्या चुलीचं कुठं कळलं? कार्यक्रमात शेवटी प्रेक्षकांचे फोन घ्यायचे. बाई संस्थेच्या फोनवरून रोज लावायला लागल्या. रोज व्यस्त. एके दिवशी लागला. आम्ही सगळ्या पडद्याकडं बघत होतो आणि बाईंचा आवाज टीव्हीतून येत होता.

"बीडहून!" हसरी म्हणाली. "तिकडे दुष्काळ आहे ना? खूप त्रास होत असेल ना तुम्हाला?"

"होतो. पन मी त्ये इचारायला फोन न्हाई केला. हिरव्या लुगड्यातली बाई आलती तुमच्याकडं. ती घर उघडून आत गेली. तिच्या चुलीचं काय झालं?"

दोघं एकमेकांकडं बघायला लागली. कोटवाल्यानं हातातला कागद वरखाली केला. मग हसरी खळखळून हसली. "अय्या, किती गोड! आमच्या प्रेक्षकांचं किती बारीक लक्ष असतं बघा!" आणि फोन कटला.

बाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला. मला वाटलं, आता पट्टी मोडणार. तर म्हणाल्या, "त्यांनाच म्हाईत न्हाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. चांगला मुलगा नापास झाल्यावर शिक्षकाचा होतो तसा आवाज होता, आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं.

त्यानंतर महिन्याभरात एका सकाळी बाई दूध घेऊन आल्याच नाहीत. कौसाआक्का बघायला गेली तर गोठ्यात पडलेल्या. दुधाच्या गाडीतूनच त्यांना बीडला सरकारी दवाखान्यात नेलं. अर्धांगाचा झटका होता. परत आल्या तेव्हा तोंड एका बाजूला ओढलेलं आणि उजवा हात निर्जीव. डोकं शाबूत होतं, पण जीभ साथ देत नव्हती. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा यायचा.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. जो येईल तो त्यांची वाक्यं पुरी करायला लागला. त्यांनी "मला..." म्हटलं की लोक म्हणायचे, "पाणी? चहा? पडता का जरा?" बघायला आलेला त्यांचा भाचा तर थेट उत्तरच द्यायचा, "मावशीला आता आराम पायजे." ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याचं वाक्य संपायची वाट बघितली, त्याच्याच तोंडातला शब्द लोक काढून घेत होते, आणि प्रेमानं काढून घेत होते. उजव्या हातात पट्टी धरता येईना. मग बाई डावा तळवा वर करायच्या. थांबा. पण कुणी थांबायचं नाही.

त्यांनी दूध संस्थेत येणं मात्र सोडलं नाही. कौसाआक्का त्यांना हाताला धरून आणायची आणि टीव्हीपुढच्या खुर्चीत बसवायची. कोटवाल्यानं कुणाला तोडलं की डावा तळवा वर.

अशातच संघाचे सुपरवायझर आले. तालुक्याचा जो दूध संघ आमच्याकडून दूध नेई, त्याचे हे साहेब. तीन कॅन दुधासाठी गाडी एवढ्या आत डोंगराला पाठवणं परवडत नाही, संकलन बंद करायचं, आणि तसा संस्थेचाच ठराव पाहिजे, म्हणून सभा. संकलन बंद म्हणजे संस्था बंद. ज्यांच्याकडं एखादं जनावर उरलं होतं, त्यांनाही ते विकावं लागणार. आणि ही खोली जाणार. गावात दुसरी अशी खोली नव्हती, जिथं सगळ्या आळ्यांच्या आणि वस्त्यांच्या बायका एका सतरंजीवर बसायच्या.

साहेब तरुण होता, वाईट नव्हता. वरून सांगितलेलं करायला आला होता. लाईट गेलेली, खोलीत उकाडा. तो रुमालानं मान पुसत म्हणाला, "तुमची अडचण मला समजते. तुम्हाला खूप वाईट वाटत असेल, नाही का?"

"कोटवालाच की गं," मागून कुणीतरी कुजबुजलं.

मग तो म्हणाला, अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत. त्याला वाटलं होतं, ही रीतच असते. बाई कौसाआक्काचा हात धरून उभ्या राहिल्या.

"तुमचं..." त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, "खरं... हाय."

आणि थांबल्या. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

"बघा!" साहेब उत्साहानं म्हणाला. "बाईंनी स्वतःच मान्य केलं. एवढ्या समजूतदार अध्यक्ष मी पाहिल्या नाहीत. सचिव, ठराव लिहून घ्या. सर्वानुमते..."

माझ्या हातात पेन होतं.

"थांबा सायेब," कौसाआक्का म्हणाली. आम्ही बायका सोडल्या तर जिचा आवाज गावात कुणी ऐकला नव्हता, ती. "बाईचं संपलं न्हाई."

"हो, पण त्यांचं म्हणणं असंच आहे ना, की..."

कौसाआक्कानं तळवा वर केला. तिच्या शेजारणीनं केला. मग एकेक करत सतरंजीवरच्या सगळ्या बायकांनी तळवे वर केले, आणि मीही पेन खाली ठेवून केला. साहेब त्या हातांकडं बघत राहिला. आम्ही थांबलो. इतका वेळ थांबलो की साहेबानंही मान पुसायचं सोडलं.

"पन..." बाई म्हणाल्या. "गाडी... गावात... नगं. आमी... दूध... फाट्यावर... आनू."

मांजरसुंब्याच्या रस्त्यावरचा फाटा. गाडी तिथून रोज जायचीच. आम्हाला कुणालाच हे सुचलं नव्हतं, आणि पाळीपाळीनं डोक्यावर कॅन नेणं एवढंच लागणार होतं. बायका माना डोलवायला लागल्या. साहेब काहीतरी बोलणार होता, पण थांबला. सगळ्या हातांकडं एकदा बघून त्यानं विचारलं, "संपलं का, बाई?"

बाईंच्या वाकड्या तोंडावर हसू आलं. "संपलं. तुमी... बोला."

मग तो बोलला. आणि आम्ही त्यालाही तोडलं नाही, नियम म्हणजे नियम. तो म्हणाला, जमायचं नाही. उन्हात दूध नासेल. वरचे विचारतील. असं कुठं करत नाहीत. कुणीच मध्ये बोलत नाही म्हटल्यावर तो आपलं आपणच ऐकायला लागला. म्हणाला, गाडी तशी फाट्यावरून जाते म्हणा. सकाळी ऊन नसतं म्हणा. शेवटी त्याचं बोलणंच संपलं आणि तो म्हणाला, "बरं, पाऊस पडेपर्यंत बघू." पुढच्या पावसाळ्यापर्यंत आम्ही फाट्यावर दूध नेलं आणि संस्था टिकली, हे इथंच सांगून टाकते.

साहेबाची मोटारसायकल गेली आणि लाईट आली. टीव्हीचं बटण चालूच राहिलेलं. पडद्यावर ती दोघं, आणि कुणी पाहुणी आईबद्दल बोलत होती. "शेवटी मी पोहोचले तेव्हा आई..." ती म्हणाली, आणि कोटवाल्यानं ब्रेक घेतला. मी उठून आवाज बंद केला. आम्ही सवयीनं कौसाआक्काकडं बघितलं.

पण डावा हात बाईंनी वर केला होता. थांबा म्हणून नव्हे. वर्गात पोरं करतात तसा.

"मी," त्या म्हणाल्या.

एवढ्या दिवसांत बाईंनी स्वतः कधी पुढचं सांगितलं नव्हतं. विचारायचं आम्हाला कधी सुचलंही नव्हतं. त्यांनी सुरुवात केली. त्या शाळेत परीक्षा घेत होत्या तेव्हा निरोप आला. फाट्यापासून घरापर्यंत पळत आल्या. आई गेली होती. चूल अजून गरम होती आणि तव्यावर भाकर झाकलेली होती, त्यांच्यासाठी. एवढं सांगायलाच जाहिराती संपल्या, आचारी आला आणि गेला, ती दोघं हात हलवून निघून गेली.

"लोक... आले..." बाई म्हणाल्या. "समदे... म्हनले... लई... वाईट झालं. भाकरीचं... मला..."

आम्ही वाट बघत होतो. मला पुढचं काय असेल ते कळत होतं, निदान मला तसं वाटत होतं, आणि मी तोंड घट्ट मिटून बसले होते. ऊन कलायला लागलं. संध्याकाळचं दूध घेऊन बायका दारात येत गेल्या आणि आतलं बघून चपला काढून सतरंजीवर बसत गेल्या. कौसाआक्काची सून लांबच्या वस्तीवरून किटली घेऊन आलेली. ती दारातूनच दबक्या आवाजात म्हणाली, "आत्या, वाटंतच लई उशीर झालाय. आता मोजलं न्हाई तर दूध नासंल."

कौसाआक्कानं बाईंवरची नजर काढली नाही.

"नासू दे," ती म्हणाली. "बस खाली."